गॅसचं काम

आम्हांला शिकवायला आणलेल्या दर्शननं पहिल्या दिवशी आम्हां मास्तर मंडळींना गोलात बसवलं आणि पिशवीतून एक पिवळा स्पंजचा चेंडू काढला. चेंडू ज्याच्या हातात येईल त्यानं आपलं नाव सांगायचं आणि आपण कुठला प्राणी आहोत तेही सांगायचं. माझं वय पन्नाशीच्या पुढं गेलेलं. रेल्वेच्या एसी डब्यांखाली उताणं पडून मी निम्मा जन्म काढला होता. तिथून लवकर निवृत्ती घेतली ती असल्या चेंडूंसाठी नव्हे. चेंडू माझ्याकडे आला तेव्हा मी म्हणालो, "रत्नाकर. गाढव."

सगळे हसले. दर्शननं टाळ्या वाजवल्या. "ब्यूटिफुल. गाढवच का बरं, सर?"

"इथं येऊन बसलोय म्हणून."

त्यानं त्यालाही टाळ्या वाजवल्या. या माणसाचा अपमान करता येत नाही हे मी तिथंच ओळखलं. अपमान व्हायलासुद्धा आत काहीतरी असावं लागतं.

आमची संस्था इकडं तमिळ मुलखात, अड्यारच्या बस डेपोमागं, खाली मिठाईचं दुकान आणि वर आम्ही. एसी-फ्रिजची दुरुस्ती, वायरमनकी, कॉम्प्युटर, ऑफिसकाम, जे म्हणाल ते शिकवून नोकरीला लावून देऊ असा वर बोर्ड. मालक हंबीरराव. घराणं तंजावरचं, पूर्वज राजांच्या पदरी होते म्हणे, आणि हे पोरांच्या फीच्या पदरी. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तिकडून निघालेलं, वाटेत तमिळचा हेल घेतलेलं. ऐकायला गोड. माणूसही तसा वाईट नव्हता, पण कुणी कोट घालून इंग्रजीत काही सांगितलं की त्यांचा विरघळलेला साबण व्हायचा.

ते कुठल्याशा हॉटेलात एका परिषदेला गेले. तिथं त्यांना फुकट जेवण मिळालं आणि 'अॅक्टिव्ह लर्निंग' हे दोन शब्द मिळाले. जेवण पचलं. शब्द पचले नाहीत.

"रत्नाकरराव, आतांपासून मास्तरानं दहा मिनिटं बोलायचं. पोदुम, पुरे. बाकी पोरंच करणार, पोरंच बोलणार," ते म्हणाले.

"पोरांना येतंय काय बोलायला?"

"येत नाही म्हणूनच की तो दर्शन येतोय मुंबईहून."

घाईचं कारण वेगळंच होतं. शहराबाहेर लांब गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत एक डीप फ्रीझरची फॅक्टरी निघाली होती. दुकानांत आईस्क्रीम ठेवतात ते फ्रीझर. त्यांचा मॅनेजर जयतीर्थ महिन्याभरात येणार होता, आमचा वर्ग चालू असताना बघणार होता आणि त्यातूनच असेंब्लीसाठी माणसं उचलणार होता. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही, वर्ग बघून निवड. हंबीररावांनी ठरवलं की वर्ग असा दाखवायचा की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत.

तुम्ही म्हणाल, करून शिकण्यात वाईट काय? काही नाही. मी स्वतः करूनच शिकलो, हातात पाना आणि कानात वरिष्ठांच्या शिव्या. पण दर्शनच्या कोशात 'करणं' म्हणजे चार्टपेपर चिकटवणं, स्केचपेननं ढग काढणं आणि नाटकं करणं. हत्यार कुठंच नाही. आमच्या चंद्रमौळीनं, म्हणजे वायरमनकीच्या मास्तरानं, हे फारच मनावर घेतलं. त्यानं अर्थिंगवर विल्लुपाट्टु बसवलं. धनुष्याच्या दोरीवर काठ्या आपटत गोष्ट गातात तो इकडचा प्रकार. त्यात अर्थिंगची तार लोकांचे प्राण वाचवता वाचवता स्वतः जळून मरते आणि मागचे सगळे "आमा, आमा", म्हणजे हो, हो, करत रडतात. ही तार जळत नसते आणि मरतही नसते. पण हंबीररावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

या सगळ्या खेळखंडोब्यात ज्या एका माणसाचं खरंच काही अडलं होतं ती म्हणजे हेमावती.

अठ्ठावीस वर्षांची, तिरुवल्लिकेणीत राहणारी, हंबीररावांसारखीच तंजावरकडच्या मराठी घरातली. सहा वर्षं एका खाजगी हॉस्पिटलात रिसेप्शनवर होती. ते सोडून ती माझ्या फ्रिजच्या वर्गात आली. प्रवेश घ्यायला आली तेव्हा हंबीररावांनी तिला ऑफिसकामाचा फॉर्म पुढं केला, आणि तिनं तो परत सरकवला.

"मला सहा वर्षं सगळ्यांकडे पाहून हसायचा पगार मिळाला," ती म्हणाली. "कोणाचा बाप मेला तरी हसून सांगायचं, तिकडे पैसे भरा म्हणून. मला आतां असं काम पाहिजे जेथें माझं तोंड कोणी पाहणार नाही. मशीन पाहिजे."

घरच्यांनी कबूल केलं होतं ते एवढ्या एका कोर्सपुरतं. हॉस्पिटलवाल्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की ये परत, खुर्ची आहे. तिची आई रोज सकाळी आठवण करून द्यायची. म्हणजे गुम्मिडिपूंडीत फ्रीझरच्या लाइनवर लागली तर सुटली, नाही तर परत त्याच खुर्चीत. हे तिनं वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं, लपवण्यासारखं त्यात काही नाही म्हणून.

मला तिचं काही कौतुक वाटलं नव्हतं. आठ दिवसांत तेलानं हात काळे झाले की पळेल, असं मी मनात म्हटलं. कौतुक करायचं तर मी आधी पोरांचं केलं असतं, आणि तीही त्या लायकीची नव्हती. व्यंकटेश, रंगा आणि त्यांची टोळी मॅन्शनमधल्या, म्हणजे इकडच्या सड्या पोरांच्या लॉजमधल्या, खोल्यांत चारचार जण राहायची, निम्मा पगार घरी पाठवू म्हणायची, आणि पानाही उलटा धरायची.

दर्शननं माझ्या वर्गात येऊन माझी दहा मिनिटं घड्याळावर मोजली. अकराव्या मिनिटाला त्यानं शिट्टी वाजवली. खरोखरची शिट्टी, फुटबॉलच्या पंचाकडे असते ती.

"सर, तुम्ही फार चांगलं सांगता. पण पोरं नुसती ऐकताहेत. त्यांना फ्रिज होऊ द्या ना."

"म्हणजे?"

"म्हणजे एक जण कॉम्प्रेसर, एक जण कंडेन्सर. रोल प्ले. त्यांनी फ्रिज जगला पाहिजे."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, तुम्हांला सोंग पाहिजे ना, सोंगच देतो. तुमचा शब्दन् शब्द पाळतो. दहा मिनिटांच्या वर एक अक्षर बोलत नाही. त्या जयतीर्थासमोर हे सोंग तोंडघशी पडलं की मग बोलू.

दुसऱ्या दिवशी मी बाकं भिंतीला लावली आणि वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार जागा केल्या. फ्रिजमध्ये गॅस गोल गोल फिरत असतो, एवढंच आधी ध्यानात घ्या. कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढं ढकलतो, त्यानं तो तापतो. मागच्या काळ्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो आपली उष्णता बाहेर टाकतो आणि पातळ होतो. मग एका केसासारख्या बारीक नळीतून जातो, तिथं त्याचा दाब उतरतो. आणि शेवटी आतल्या थंड खणात येऊन तिथली उष्णता पिऊन घेतो, की परत कॉम्प्रेसरकडे. झालं. हे सांगायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मग मी म्हटलं, चार गट पाडा. पोरांनी पाडले. व्यंकटेश कॉम्प्रेसरचा म्होरक्या, रंगा कंडेन्सरचा. बाकीचे नळीत आणि खणात. चारही गट भरले आणि हेमावती मधोमध उभी राहिली. कुठल्याच गटाला ती नको होती. हातात हात धरून साखळी करा असं दर्शनचं फर्मान होतं, आणि ही शूर पोरं बाईचा हात धरायला घाबरत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिला कुठं तरी खपवायचं तर होतंच.

"तू गॅस हो," मी म्हटलं.

पोरं फिदीफिदी हसली. ती हसली नाही. "सरी," म्हणजे ठीक आहे, म्हणाली आणि ओढणी कमरेला बांधली.

उष्णता म्हणून वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे होते. थंड खणातली पोरं ते बोळे तिच्या हातांत कोंबायची. कॉम्प्रेसरवाले दोन बाकं जवळ सरकवून तिला त्यामधून रेटायचे. कंडेन्सरवाले तिच्या हातातले बोळे काढून खिडकीबाहेर फेकायचे, आणि खाली मिठाईवाला वर बघून ओरडायचा. मग कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून तिनं तिरकं होऊन सरकायचं, की परत खण. बाकीचे आपापल्या कोपऱ्यात उभे. ही एकटी घामाघूम होऊन फिरत होती. दर्शन फोटो काढत होता आणि "एनर्जी बघा, एनर्जी" म्हणत होता. एनर्जी सगळी तिचीच होती.

तिसऱ्या फेरीला ती फटीशी थांबली.

"सर, येथें मी पाणी आहे की वारा?"

माझी दहा मिनिटं संपलेली होती. मी नियमाला चिकटून म्हटलं, "मित्रांना विचार."

तिनं नळीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही नुसते अरुंद आहोत. तिनं रंगाला विचारलं. रंगा म्हणाला, आमच्याकडून तू निघालीस की आमचं काम संपलं. पोरं आपापल्या भूमिकेत मुरली होती. दर्शनच्या भाषेत याला 'ओनरशिप' म्हणतात. माझ्या भाषेत याला पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात. मी मनातून खूश झालो. माझं काम चोख चाललं होतं.

वर्ग सुटल्यावर सगळे पांगले आणि ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आतां शिट्टी नाही ना, सर?"

"नाही."

"मग सांगा. फटीत मी पाणी की वारा?"

"फटीत शिरताना पाणी. बाहेर पडताना फवारा. खणात गेल्यावर उकळतेस आणि वारा होतेस."

"उकळते? थंड खणात?"

आता हा प्रश्न बरोबर होता. थंडीत कसं काय उकळतं, इथंच सगळ्यांची गाडी अडते. ज्यांची अडत नाही त्यांना काही कळलेलंच नसतं. मी कोपऱ्यातल्या मोडक्या फ्रिजची पाठ तिच्याकडे फिरवली आणि जाळी दाखवली, कॉम्प्रेसर दाखवला. तिनं विचारलं, "माझी अरुंद वाट कोठें आहे?" मी ती बारीक तांब्याची नळी दाखवली. तिनं ती दोन बोटांत धरून पाहिली.

"एवढ्यातून जाते मी?"

"एवढ्यातूनच. आणि इथं कचरा अडकला की तुझं सगळं थांबतं."

त्यानंतर ती रोज थांबायची. दिवसा बोळे घेऊन धावायची आणि संध्याकाळी तीच वाट मशीनवर बोटानं शोधायची. हे जोड गळतात कसे, गळलं तर ओळखायचं कसं, हे विचारायची. तिचे हात तेलानं काळे झाले आणि ती पळाली नाही. आपला अंदाज चुकला की मला राग येतो, तसा थोडा आला. पण पोरीला अक्कल होती, हे कबूल करायला हवं. त्या इमारतीत अकलेची मला सवय उरली नव्हती.

जयतीर्थ आला तो पांढराशुभ्र शर्ट घालून. हंबीररावांनी त्याच्या अंगावर जरीकाठी शाल घातली, चंद्रमौळीनं अर्थिंग रडून दाखवलं, मग मंडळी माझ्या वर्गात आली. बोलणं सगळं तमिळमध्ये आणि मधून इंग्रजीत. फ्रिज सुरू झाला. काय सांगू, बोळे उडत होते, बाकं सरकत होती, हेमावती धावत होती. जयतीर्थ टाळ्या वाजवायला लागला. दर्शननं माझ्या पाठीवर थाप मारली. मी थाप सहन केली, कारण पुढचं मला ठाऊक होतं.

"छान," जयतीर्थ म्हणाला. "आता एक सांगा. फ्रीझर थंड होत नाही. कॉम्प्रेसर तर चालू आहे. पण मागची जाळी गरम लागत नाही. काय झालं असेल?"

रोजचा प्रश्न. दुकानदारसुद्धा सांगेल. जयतीर्थानं रंगाकडे बोट केलं.

"सर, मी कंडेन्सर," रंगा म्हणाला. "मला मागून काही आलं तर मी गरम होणार. कॉम्प्रेसरला विचारा."

जयतीर्थ व्यंकटेशकडे वळला.

"मी ढकलतोय, सर," व्यंकटेश छाती काढून म्हणाला. "पुढं काय होतं ते आमच्या गटात नाही."

नळीवाला म्हणाला की मी अरुंद आहे. खणातला म्हणाला, आम्ही वाट बघतोय. एकालाही आपण काही चुकीचं बोललो असं वाटलं नाही. चेहऱ्यांवर नाटकात संवाद न विसरल्याचं समाधान होतं. हंबीरराव जयतीर्थाच्या शालीकडे बघायला लागले. दर्शननं पहिल्यांदाच शिट्टी खिशात घातली. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. महिनाभर शिट्टी ऐकली होती मी.

"मी नाहीये आत," हेमावती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती अजून धापा टाकत होती.

"गॅस गेलाय, सर. कॉम्प्रेसर रिकामाच फिरतोय, मग जाळी कशी तापणार? आधी जोड पाहायचे, कोठें तेल पाझरलंय का. मग साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर गळती तेथेंच. ती बंद केल्याशिवाय नवा गॅस भरायचा नाही, तोही जाईल."

जयतीर्थानं अजून दोन प्रश्न विचारले. अर्ध्याच खणावर बर्फ का धरतो, वीज गेल्या गेल्या परत आली तर लगेच चालू का करायचा नाही. तिनं दोन्ही सांगितले, न अडखळता. दर्शनचा जीव भांड्यात पडला. "अॅक्टिव्ह लर्निंग," तो हंबीररावांच्या कानात म्हणाला, एवढ्या मोठ्यानं की मलाही ऐकू यावं. आणि मला संताप आला तो यासाठी की तो पूर्ण खोटंही बोलत नव्हता. त्या सोंगात जो सगळीकडून फिरला त्याला कळलं, आणि फिरायचं काम कुणाला नको होतं म्हणून तिच्या गळ्यात पडलं होतं. याचं श्रेय त्याचं नव्हतं आणि माझंही नव्हतं.

जयतीर्थानं तिथंच, सगळ्यांसमोर, नावं सांगितली. असेंब्ली लाइनसाठी व्यंकटेश, रंगा आणि त्यांच्या टोळीतले आणखी तिघं.

"त्यांना काही येत नाही," मी म्हणालो. "आत्ताच ऐकलंत की तुम्ही."

"शिकतील, सर. पोरं आहेत. सहा महिने आम्ही शिकवतोच." मग तो हेमावतीकडे वळला आणि त्याचा चेहरा उजळला. "हिच्यासाठी मात्र मी खास विचार केलाय. पुढच्या महिन्यात आमचं नवं रिसेप्शन सुरू होतंय. बाहेरचे डीलर येतात, प्रश्न विचारतात, आणि पुढं बसलेल्या मुलीला फ्रीझरमधलं ओ की ठो येत नाही. ही बोलते किती छान."

हंबीरराव हरखले. "भाग्य काढलंस की अम्मा."

हेमावतीचा चेहरा पडला. पण ती रडणाऱ्यातली नव्हती. "सर, मी रिसेप्शन सोडून येथें आले," ती जयतीर्थाला म्हणाली. "मला लाइनवर घ्या. ह्यांना सहा महिने शिकवणार, मला तीनच शिकवावं लागेल."

"लाइनवर बायका नाहीत, मॅडम. शेडमध्ये लेडीज टॉयलेटच नाही."

"मग बांधा," मी म्हणालो.

जयतीर्थ माझ्याकडे बघून हसला, म्हाताऱ्याकडे बघून हसतात तसा.

"मी रिसेप्शनवर बसले तर टॉयलेटला कोठें जाणार?" हेमावतीनं विचारलं.

"ते ऑफिसच्या इमारतीत आहे ना."

"ऑफिस शेडपासून किती लांब?"

"समोरच. रस्ता ओलांडला की."

"रस्ता मला ओलांडतां येतो, सर."

पोरं खो खो हसली. जयतीर्थही हसला, अगदी मनापासून, आणि हंबीररावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पाहिलंत? हेच. हजरजबाबीपणा. डीलर कितीही चिडलेला येऊ दे, ही त्याला गार करेल. हीच मुलगी मला पुढं बसलेली पाहिजे."

दर्शननं टाळ्या सुरू केल्या आणि मागोमाग सगळ्यांनी वाजवल्या. हेमावतीनं आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं. जे बोलेल ते तिला त्याच खुर्चीकडे ढकलत होतं, हे तिला कळलं. माझ्या आधी कळलं.

"बोल, हेमावती, बोल," दर्शन म्हणाला. "फील फ्री."

ती बोलली नाही.

"मौन म्हणजे संमतीच की," हंबीरराव म्हणाले.

"ती नको म्हणतेय," मी म्हणालो.

"कोठें म्हणाली? तुम्ही ऐकलंत, रत्नाकरराव? आम्हांस तर नाही ऐकूं आलं."

मी हंबीररावांना, दर्शनला, त्या शर्टवाल्याला जे बोलायचं ते बोललो. शिव्या रेल्वेतल्या होत्या, दर्जेदार होत्या. जयतीर्थानं त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि शालीची घडी काखेत मारून तो गेला. दर्शननं नंतर मला सांगितलं की माझं 'पॅशन' त्याला आवडलं. पुढच्या सोमवारपासून मी तिथं गेलो नाही. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. संस्थेच्या दारावर निवड झालेल्यांचे फोटो लागले आणि त्यात हेमावतीचाही लागला, असं चंद्रमौळीकडून कळलं. व्यंकटेश आणि रंगा गुम्मिडिपूंडीला जायला लागले. सहा महिन्यांनी त्यांना काम येऊ लागलं असणार, का नाही येणार? शिकवलं की येतं.

त्या वर्षाअखेरीस बायकोचा रक्तदाब दाखवायला मी तिला तिरुवल्लिकेणीच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेलो. रिसेप्शनवर हेमावती बसली होती. नखांतलं काळं गेलेलं, केसांत मोगरा. मला पाहून ती उठायला लागली, मी हातानं बस म्हटलं.

"फॅक्टरीत नाही गेलीस?"

"खुर्चीतच बसायचं तर गुम्मिडिपूंडीपर्यंत कशास जाऊ, सर?" ती म्हणाली. "ही घराजवळ आहे."

तिनं बायकोचं नाव लिहून घेतलं, पैसे कुठं भरायचे ते बोटानं दाखवलं, आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून हसली.